मूळ संख्यांच्या बेरजांचा तक्ता शाळेच्या भिंतीवर: प्रकल्प नोंदी

धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. सातवी-आठवी मिळून ३१ मुलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि बरीच मुलं त्यांच्यासोबत जातात. त्यामुळे जे करायचं ते दिवाळीच्या आत. कुणाला आपल्या शाळेत असा तक्ता करायचा असेल, तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत म्हणून या नोंदी ठेवल्या.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

काल पोळा होता आणि पावसाने नुसतं झोडपलं. आज वर्गात १७ मुलं. मूळ संख्या चालू होत्या, म्हणून विचारलं, १० ही संख्या फक्त मूळ संख्यांची बेरीज करून किती रीतींनी लिहिता येईल? तीच संख्या पुन्हा वापरली तरी चालेल.

पहिली दहा मिनिटं १ मध्येच गेली. ७+२+१ असं चौघांनी लिहिलं. १ मूळ नाही हे त्यांना पाठ होतं, पण बेरीज करायला बसल्यावर हात आपोआप १ कडे जातो. शेवटी फळ्यावर पाच रीती उरल्या: ७+३, ५+५, ५+३+२, ३+३+२+२ आणि २+२+२+२+२.

"मॅडम, ३ अन् ७ वेगळं कामून नाही?" असं एकीने विचारलं. दुकानदाराने आधी पाचची नोट दिली काय आणि आधी दोनचं नाणं दिलं काय, तुझ्या हातात सुट्टे तेवढेच पडतात ना, असं सांगितलं. क्रम मोजायचा नाही, हे त्या दिवशी ठरलं. पुढे हेच मला स्वतःला पुन्हा शिकावं लागलं.

मुलांनीच विचारलं, २० ला किती? ५० ला किती? तिथून भिंतीवर तक्ता करायचं ठरलं. ६० घरं, सहा ओळी, प्रत्येक घरात त्या संख्येच्या रीती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज रीती थेट लिहून मोजायचा प्रयत्न केला. पाच गट केले. १५ ला १२ रीती तीन गटांनी बरोबर काढल्या. २० ला कुणाच्या २२, कुणाच्या २५, तर एका गटाच्या २८. खरा आकडा २६. २८ वाल्यांनी ७+५+५+३ दोनदा लिहिलं होतं, एकदा ५ पासून सुरू करून आणि एकदा ७ पासून.

दोन तास गेले. १५ च्या पुढे थेट लिहायला बसू नका. सगळ्या सापडल्या की नाही याचा भरवसा कुणालाच देता येत नाही आणि मुलं कंटाळतात.

११ सप्टेंबर, बुधवार

सुट्ट्या पैशांची कल्पना पुढे नेली. समजा, बाजारात फक्त २, ३, ५, ७, ११ अशी नाणी आहेत. आधी फक्त २ चं नाणं हातात आहे असं धरायचं आणि ० पासून प्रत्येक रकमेच्या रीतींची एक ओळ लिहायची. मग ३ चं नाणं आलं की त्याखाली दुसरी ओळ, मग ५ ची. एका वेळी एकच नवं नाणं.

चौकटीच्या वहीत नीट बसतं. फक्त २ ची ओळ:
१, ०, १, ०, १, ०, १, ०, १, ०, १ (० ते १०)

० च्या घरात १ का, यावर बराच वाद झाला. दोन गटांनी तिथे ० लिहिला आणि त्यांची सगळी ओळ शून्याची झाली. काहीच न देणं हीही एक रीत आहे, आणि पुढची सगळी मोजणी तिच्यावरच उभी राहते, हे त्यांना ती शून्याची ओळ बघूनच पटलं. मी आधी सांगून पटलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आजची चूक नीट लिहून ठेवते. ही सगळ्यांकडून होणार.

३ ची ओळ लिहिताना नियम असा: वरच्या ओळीतलं त्याच रकमेचं घर, अधिक तीन घरं मागे जे घर आहे ते. पण मागचं घर कुठल्या ओळीतलं? तीन गटांनी वरच्याच ओळीतलं घेतलं. त्यांना १० ला फक्त ३ रीती आल्या. पाचातल्या कुठल्या गेल्या ते शोधलं, तर ५+५ आणि ३+३+२+२ नव्हत्या. ज्यात २ सोडून कुठलंही नाणं दोनदा आलंय, नेमक्या त्याच.

कारण सरळ आहे. वरच्या ओळीत ३ चं नाणं अजून आलेलंच नाही. तिथून उचललं की ३ एकदाच वापरता येतो. मागचं घर आपण आत्ता लिहीत असलेल्या ओळीतलंच घ्यायला हवं, तरच ३ वर पुन्हा ३ ठेवता येतो.

आता मुलं डाव्या हाताचं बोट वरच्या घरावर आणि उजव्या हाताचं त्याच ओळीतल्या मागच्या घरावर ठेवतात आणि मगच बेरीज करतात. बोट ठेवल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. बरोबर झाल्यावर ओळी अशा येतात:

२ आणि ३: १, ०, १, १, १, १, २, १, २, २, २
५ आल्यावर: १, ०, १, १, १, २, २, २, ३, ३, ४
७ आल्यावर: १, ०, १, १, १, २, २, ३, ३, ४, ५

शेवटचं घर १० चं, ५. वर्गात टाळ्या पडल्या. ज्यांच्या ३ आल्या होत्या त्यांनीच जास्त वाजवल्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन परवा झालं. आज व्हरांड्यातल्या भिंतीवर चुन्यावरच पांढरा ऑइलपेंट दिला. १ लिटर पांढरा ३०० रुपये, २०० मिली काळा ९०, दोन ब्रश ७०. चार्टपेपर १२ घेतले, १२० रुपये. भिंत हाताला गार लागत होती. तरी दिला.

२५ सप्टेंबर, बुधवार

मुलं ३० पर्यंत पोचली: ३० ला ९८. घरी मोबाइलवर पायथनमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून ताडून पाहावं म्हटलं. प्रोग्रॅमने १० ला १६ सांगितलं.

रात्री साडेअकरापर्यंत डोकं धरून बसले. सकाळी आकडा तसाच वर्गात मांडला. मागच्या बाकावरच्या मुलाने पाच रीती लिहिल्या आणि प्रत्येकीची फेरफार मोजायला लागला: ७+३ ची २, ५+५ ची १, ५+३+२ ची ६, ३+३+२+२ ची ६, २ पाच वेळा याची १. बेरीज १६. "मॅडम, तुमचा मोबाइल क्रमाने मोजायलाय."

खरंच तसंच होतं. मी बाहेरच्या लूपमध्ये (प्रोग्रॅमचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) रकमा आणि आतल्या लूपमध्ये नाणी घेतली होती, त्यामुळे ३ नंतर ७ आणि ७ नंतर ३ हे दोन वेगळे धरले गेले. बाहेर नाणी, आत रकमा असं उलटवलं की बरोबर येतं. मुलं वहीत जसं करतात तसंच, एका नाण्याची ओळ पूर्ण झाल्यावर पुढचं नाणं. वहीतली पद्धत मशीनमध्ये उतरवताना मी तिचा क्रमच विसरले होते.

२८ सप्टेंबर, शनिवार

भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघाले. खालच्या दोन ओळींत तर हात लावला की पापुद्रा सुटतो. ओल आतून येते आहे. गावातल्या पेंटरने बघून सांगितलं की चुन्यावर ऑइलपेंट धरत नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. आधी खरवडा, वाळू द्या, मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्राइमर आणि शेवटी रंग.

पुट्टी १८०, प्राइमर १७०, पॉलिश पेपर ४०, पुन्हा पांढरा रंग ३००. एकूण खर्च १,२७० वर गेला. पैशांपेक्षा दिवस गेले याचं वाईट वाटलं. दिवाळीला एक महिना उरला आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

ऊन पडलं. खरवडणं आणि पुट्टी झाली. आठवीच्या मुलींनी पॉलिश पेपर मारला, हात पांढरे झाले तरी सोडेनात.

९ ऑक्टोबर, बुधवार

प्राइमर, रंग, रेघा झाल्या. वहीत ६० पर्यंतचा तक्ता पूर्ण: १७ मूळ संख्यांच्या १७ ओळी, प्रत्येक ओळीत ६१ घरं. असं आम्हाला वाटलं. खरं म्हणजे ओळी १८ झाल्या होत्या आणि ते कुणी मोजलं नाही, मीही नाही.

दुपारी मुलांनी भिंतीवर आकडे चढवले. ४० ला ३०२, ५० ला ८१९, ६० ला २,०२२. मधल्या सुट्टीत पहिलीची पोरंसुद्धा येऊन उभी राहिली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आपल्या ताया-दादांनी लिहिलंय एवढं कळत होतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसऱ्याची सुटी संपली. तक्ता तपासायची एक रीत माझ्या जुन्या वहीत होती, ती मुलांना शिकवली. ओळी न लिहिता पडताळा घेता येतो, म्हणून सगळ्यांनी वापरावी.

१० तपासायचा असेल तर २ पासून १० पर्यंत प्रत्येक संख्येचे वेगवेगळे मूळ विभाजक घेऊन त्यांची बेरीज करा. ४ चा फक्त २, ६ चे २ आणि ३ म्हणून ५, ९ चा ३, १० चे २ आणि ५ म्हणून ७. मग त्या बेरजेला, १० मधून ती संख्या वजा केल्यावर जे उरतं त्याच्या रीतींनी गुणा. २ साठी २×३=६, ३ साठी ३×३=९, ४ साठी २×२=४, ५ साठी ५×२=१०, ६ साठी ५×१=५, ७ साठी ७×१=७, ८ साठी २×१=२, ९ साठी ३×०=०, १० साठी ७×१=७. सगळ्यांची बेरीज ५०. ती १०×५ इतकी यायलाच हवी. आली.

५० साठी गुणाकार वाटून दिले. बेरीज ४०,९५०, म्हणजे ५०×८१९. बरोबर. ५२ पण घेतला: ५१,३२४, म्हणजे ५२×९८७. तोही बरोबर. मी म्हटलं, झालं, तक्ता पक्का.

१६ ऑक्टोबर, बुधवार

५१ चं घर ज्या गटाने रंगवलं होतं तो गट म्हणाला, आमचंही तपासा. वेळ नव्हता, पण बसलो. बेरीज ४५,८४९ आली. भिंतीवर ५१ ला ९०० होते, म्हणजे ४५,९०० यायला हवे होते. पुन्हा केलं, पुन्हा ४५,८४९.

फरक नेमका ५१. ४५,८४९ ला ५१ ने भागलं तर ८९९. म्हणजे एक रीत जास्तीची. कुठली? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ३ सप्टेंबरला "कामून नाही" विचारणारी तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, नुसता ५१ धरलाय का आपण?"

नाणी ज्यावरून ठरवली होती तो चाळणीचा चार्ट काढला, म्हणजे पाढ्यांतल्या संख्या खोडत जाऊन उरलेल्या मूळ धरायच्या तो. दोन कागद जोडून केला होता आणि जोड ५० वर. ३ च्या पाढ्याने खोडणारा मुलगा ४८ ला थांबला, पुढच्या कागदावर त्याने ५४ पासून सुरुवात केली. मधला ५१ खोडायचा राहिला. ५१ म्हणजे ३×१७. तो चार्ट मी तपासून सही केली होती, म्हणून ही चूक माझी, त्या मुलाची नाही. वर्गातही तसंच सांगितलं.

पण मग काल ५२ बरोबर कसा आला? एक तर ५१ चं नाणं घेतलं की ५२ साठी १ उरतो आणि १ ला एकही रीत नाही, त्यामुळे ५२ चं घर मुळात चुकलंच नव्हतं. दुसरं, ५२ च्या पडताळ्यात ५१ च्या रीतींना १ च्या मूळ विभाजकांच्या बेरजेने गुणायचं असतं आणि ती बेरीज शून्य आहे. म्हणजे चुकीचा आकडा शून्याने गुणला जाऊन नाहीसा झाला. एक घर सोडून तपासणं म्हणजे तपासणं नव्हे. ५० नंतर ५१, ५२, ५३ असं ओळीने तपासा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

५१ ची ओळ काढून टाकून सगळं पुन्हा केलं. चुकीचे आणि बरोबर आकडे शेजारी लिहिले, ५१ ते ६०:

चुकीचे: ९००, ९८७, १०८४, ११८७, १२९९, १४२२, १५५४, १६९८, १८५३, २०२२
बरोबर: ८९९, ९८७, १०८३, ११८६, १२९८, १४२०, १५५२, १६९५, १८५०, २०१८

फरक काढायला सांगितला: १, ०, १, १, १, २, २, ३, ३, ४. दोन मिनिटं शांतता. मग कुणीतरी वहीतली शेवटची ओळ वाचायला लागलं, ० पासून: १, ०, १, १, १, २, २, ३, ३, ४. तक्त्याची सुरुवातच!

एकदा दिसल्यावर कारणही मुलांनीच सांगितलं. ५१ वापरला की ६० साठी ९ उरतात, आणि ९ च्या जेवढ्या रीती तेवढ्याच जास्तीच्या. नऊ वर्षं शिकवते आहे, माझ्या वर्गात इतकं काही एकदम उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. भिंतीवरची नऊ घरं पांढरी करून पुन्हा लिहिली. ५२ ला हात लावला नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटच्या दिवसांत दुसरा छोटा चार्ट: सम संख्या फक्त दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून किती रीतींनी? १०० ला सहा: ३+९७, ११+८९, १७+८३, २९+७१, ४१+५९, ४७+५३. ९० ला नऊ. ९८ ला वर्गाने चार सांगितल्या, त्यात ७+९१ होतं. ९१ म्हणजे ७×१३. ५१ च्या भीतीने सगळ्यांनी ३ चा पाढा नीट पाहिला आणि ७ चा राहिला. खऱ्या रीती तीनच: १९+७९, ३१+६७, ३७+६१.

२ च्या पुढची प्रत्येक सम संख्या अशी लिहिता येते का, हा प्रश्न गणितज्ञ गोल्डबाख यांनी ७ जून १७४२ ला गणितज्ञ ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रातून निघाला. ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत कॉम्प्युटरने तपासलंय, पण सिद्धता अजून कुणालाच मिळालेली नाही. गोल्डबाख १ लाही मूळ धरत, असं सांगितलं तेव्हा पहिल्या दिवशी ७+२+१ लिहिणारे चौघं एकमेकांकडे बघून हसले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

उद्यापासून दिवाळीची सुटी. भिंतीसमोर सगळ्यांचा फोटो काढला. मोठ्या तक्त्यांची हिंमत वाढावी म्हणून सांगितलं, की सगळ्याच संख्या वापरायच्या असतील तेव्हाचा असा तक्ता गणितज्ञ मॅकमहॉन यांनी २०० पर्यंत हाताने काढला होता. हार्डी आणि रामानुजन यांच्या १९१८ च्या निबंधात तो आहे, आणि त्यात २०० ला ३९,७२,९९,९०,२९,३८८ रीती आहेत. आकडा फळ्यावर लिहून वाचायलाच पाच मिनिटं लागली.

सुटीचा प्रश्न एकच: कुठल्या संख्येला पहिल्यांदा ५,००० च्या वर रीती येतात?

काही मुलं हंगामी वसतिगृहात थांबतील. "कामून" विचारणारी मुलगी थांबणार नाही. लहान भाऊ आहे, आई-वडील उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत) त्याला सांभाळायचंय. तिने तक्त्याची वही मागितली. वर्गाची एकच पूर्ण वही होती, तिला दिली. मूळ प्रत दिली म्हणून एका सहकाऱ्याने टोकलं. माझ्या मते वही जिथे वापरली जाणार तिथेच असावी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

इलेक्शन ड्युटीत आठवडा गेला. वर्गात १३ मुलं. ६१ च्या पुढच्या कामाला कुणी हात लावलेला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज राष्ट्रीय गणित दिन. सकाळी तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून तीन फोटो आले. चौकटीची वही, जोडलेले कागद, काही घरांवर तेलाचे डाग. ६१ ते ७१ पर्यंतची अकरा घरं, ६१, ६७ आणि ७१ ही नवी नाणी धरून २० ओळी. शेवटच्या ओळीत ७० ला ४,६२४ आणि ७१ ला ५,००७. दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात ५१ असं लिहून त्यावर मोठी फुली मारलेली होती.

पायथनवर ताडून पाहिलं. अकराच्या अकरा घरं बरोबर.

फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तिचं बोलणं तुटत होतं. पहिल्या वेळी ७१ ला ५,००६ आले होते, म्हणाली. ७१ स्वतः एकटा धरायचा राहिला होता. "तपासणीच्या रीतीनं सापडलं, मॅडम. फरक ७१ चाच आला."

दुपारी शाळेत जाऊन सातवी ओळ आखली, ६१ ते ७१ ची अकरा घरं, रिकामी. काळ्या रंगाच्या डब्यात बोटभर रंग उरला होता. त्यावर थोडं टर्पेंटाइन ओतलं, झाकण ठोकून बसवलं आणि ती परत येईपर्यंत कपाटात ठेवला.